दाखवायचे औषध

फार जुनी गोष्ट आहे. ज्या डोंगराच्या पायथ्याशी ती घडली, त्या डोंगराचे नावही आता कोणाला आठवत नाही. लहानांनी ती ऐकावीच. पण ज्यांच्यापाशी दुसऱ्याला शिकवण्यासारखे काही आहे, त्या थोरांनी जरा जवळ सरकून ऐकावी.

त्या पायथ्याच्या गावात एक वैद्य राहत असे. पाऊस सरला की दरवर्षी त्या मुलखात हुडहुडीचा ताप येई. आज अंगणात खेळणारे मूल उद्या गोधड्यांखाली कापत पडे. त्या तापावर औषध होते ते एकट्या या वैद्यापाशी. ताप चढल्याबरोबर काढा पोटात गेला, तर माणूस घाम येऊन उठून बसे. उशीर झाला तर मात्र काढाही काही करू शकत नसे.

काढ्याची पाने वैद्य स्वतः आणी. डोंगराच्या कड्यावर जांभळ्या देठांचे एक झुडूप उगवे. सकाळी सगळ्यांच्या देखत तो काठी टेकत कडा चढे, पाटीभर पाने घेऊन उतरे, गावच्या विहिरीवर ती धुई आणि ओसरीवर बसून खलबत्त्यात कुटी. बायका पाणी भरता भरता बघत. गुराखी वाटेत थांबून बघत. जांभळ्या देठांचे झुडूप म्हणजे तापाचे औषध, हे गावातले शेंबडे पोरही सांगू शकले असते.

आणि ते खोटे होते.

त्या पानांनी ना ताप चढे, ना उतरे. काढ्याला रंग येई, एवढेच. खरे औषध होते एक बारीक, केसाळ पानांचे तण. ते गावात येणाऱ्या अरुंद वाटेवर, म्हणजे पांदीत, कुंपणांच्या बुडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली उगवे. त्याला कोणी नावसुद्धा दिले नव्हते. डोंगरावरून परतताना वैद्य पांदीत मध्येच खाली वाके, पायातला काटा काढल्यासारखे करी आणि मूठभर तण उपटून कनवटीला खोची. कुटताना ती मूठ खलात कधी रिकामी झाली, हे समोर बसलेल्यालाही कळत नसे.

"वैद्यबुवा, तुम्हाला बरा रोजच्या रोज काटा रुततो!" विहिरीवरच्या बायका हसत. "गावाचा ताप उतरवता, स्वतःला एक धड वहाण घ्या की!"

वैद्यही त्यांच्याबरोबर हसे.

ही त्याच्या घराण्याची रीत होती. त्याचा बाप शेवटच्या आजारात त्याला म्हणाला होता, "दाखवायचं एक, द्यायचं दुसरं. खरं पान लोकांना कळलं, तर आपल्या दारात कोण येईल? आणि सांगितलेल्या औषधाचा गुण जातो." यातले पहिले कारण वैद्याने स्वतःपाशी ठेवले. दुसरे तो साऱ्या गावाला सांगे.

वैद्याच्या घरी मुलगा, सून आणि त्यांचे नुकते बोलू लागलेले बाळ होते. मुलगा गाडीवान होता. त्याला बैलांची जात कळे, झाडांची कळत नसे. सून मात्र चौकस होती. खल धुता धुता ती विचारी,

"मामंजी, मला शिकवा की औषध."

"सांगितलेल्या औषधाचा गुण जातो, सूनबाई."

"मग तुम्हाला तुमच्या वडिलांनी सांगितलं, तेव्हा नाही का गेला?"

"फार बोलतेस."

"बोलते खरी. पण उद्या तुम्ही परगावी असलात आणि इथं कोणी तापलं, तर?"

"मी आहे ना," असे म्हणून वैद्य विषय संपवी.

मग सुनेने विचारणे सोडले आणि ती बघू लागली. पाने किती घेतात, किती बारीक कुटतात, पाणी कुठवर आटवतात, हे सगळे तिने मनात साठवले. ती बघते आहे, हे वैद्याला कळत होते. त्याला त्याची गंमत वाटे. बघ, तो मनात म्हणे, खुशाल बघ.

एका वर्षी ताप नदीपलीकडच्या गावात आधी आला. तिथल्या पाटलाने वैद्याला बोलावणे धाडले. वैद्य गेला. त्याच्या हातून पुष्कळ माणसे उठून बसली. काम उरकल्यावर तो निघाला, तेव्हा पाटील म्हणाला, "असं कसं जाऊ देऊ? तुमचा मान झाल्याशिवाय या वेशीतून पाऊल बाहेर टाकायचं नाही. घरी काय अडलंय तुमच्यावाचून?"

वैद्य राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला फेटा बांधला, पाटावर बसवले. पंगत वाढली गेली, आणि तेवढ्यात त्याचा मुलगा गाडी घेऊन आला.

"आबा, बाळाला ताप भरलाय," मुलगा म्हणाला. "काल दिवेलागणीपासून. तुमची सारखी आठवण काढतोय, म्हणून आलो. पण तुम्ही सावकाश जेवा. काळजीचं काही नाही. तिनं औषध दिलंय."

"कोणतं औषध?"

"तुमचंच की. उजाडल्या उजाडल्या एकटी कडा चढून गेली. अगदी तुमच्यासारखा काढा केलाय, रंगसुद्धा तोच."

वैद्य भरल्या पानावरून उठला.

"अहो आबा! सांगितलं ना, औषध चालू आहे!"

वैद्य गाडीत बसून वाटभर एवढेच म्हणत राहिला, "हाण बैलांना. हाण." मुलगा वैतागला. "बैल मारायचेत का? तिच्यावर तुमचा एवढाही भरवसा नाही? तिचा जीव आहे त्या पोरात."

गावाची पांद आली. वैद्याने चालत्या गाडीतून उडी टाकली, कुंपणाशी बसला आणि दोन्ही हातांनी तण उपटू लागला. मागून मुलाने हाक मारली, "काय झालं हो?"

तिथे त्या दोघांवाचून कोणी नव्हते. खुद्द त्याचा मुलगा विचारत होता, त्या बाळाचा बाप. तरीही वैद्याच्या तोंडून जे इतकी वर्षे निघत आले होते, तेच निघाले.

"काटा," तो म्हणाला.

घरासमोर माणसे जमली होती. त्यांनी वैद्याला वाट दिली, पण कोणी त्याच्याकडे बघितले नाही. आत चुलीवर काढा अजून कोमट होता. सून भिंतीला टेकून बसली होती, बाळ तिच्या मांडीवर होते. ते आता कापत नव्हते. वैद्याने त्याचे तळपाय हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. कनवटीचे तण कनवटीलाच राहिले.

सगळे आटोपून माणसे स्मशानातून परतली, ओसरीवर टेकली, तेव्हा सून बाहेर आली. तिने खल वैद्यासमोर ठेवला.

"मामंजी, माझं काय चुकलं?"

वैद्याने खल जवळ ओढला.

"पानं ताजी होती. देठ काढले होते. पाणी निम्म्यावर आणलं. पहिली हुडहुडी भरली तेव्हाच पानं आणायला हवी होती का मी, अंधारातच? उजाडायची वाट बघत बसले, तिथं चुकलं का? एवढं एक सांगा. मग मी काही विचारणार नाही."

वैद्याने खलात बघितले. कुठेही काही चुकले नव्हते. त्याने जसे दाखवले होते, तसेच सगळे तिने केले होते. खरे उत्तर एका वाक्याचे होते. पण ओसरीवर गाव बसला होता, आणि शेजारी मुलगा बसला होता.

"चोरून शिकलेल्या औषधाला गुण नसतो, पोरी," तो म्हणाला. "आणि प्रत्येकाच्या हातालाही तो नसतो."

सुनेने मान हलवली, जणू हेच ऐकायला ती आली होती. खल उचलून ती आत गेली.

तेव्हापासून ती औषधाबद्दल चकार शब्द बोलली नाही. शेजारणीचे मूल रडले तरी ती त्याला उचलून घेत नसे. ताप दरवर्षी येतच राहिला. वैद्याच्या हातचा काढा पिऊन गावची मुले उठून बसत, ओसरीवर हुंदडत. सून चुलीपाशी बसून ती हुंदडणारी मुले बघे आणि आपल्या हातांकडे बघे.

वर्षे गेली. वैद्याचे पाय गेले, मग खाट आली. एके दिवशी त्याने सुनेला जवळ बोलावले आणि सगळे सांगितले. कड्यावरची पाने कशासाठी होती, पांदीत तो का वाके, खलात मूठ कशी रिकामी होई. काही हातचे राखले नाही.

"तुझं काही चुकलं नव्हतं," तो म्हणाला. "चुकलं ते माझं. जा, पांदीतलं तण घेऊन ये. मी दाखवतो."

सून खाली मान घालून ऐकत होती. मग तिने त्याच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले.

"मामंजी, माझं मन राखायला बोलताय, कळतंय मला."

"देवाशपथ खरं सांगतोय!"

"त्या तणाला गुरंदेखील तोंड लावत नाहीत. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून तुम्ही असलं काही रचू नका. ज्या दिवशी विचारलं, त्या दिवशी तुम्ही खरं ते सांगितलंत. मी ते मान्य केलंय."

वैद्याने मुलाकडून गावची चार माणसे बोलावून घेतली. त्यांनाही त्याने हेच सांगितले. ती आदराने हो हो म्हणत उठली. अंगणात गेल्यावर त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, "म्हातारा भलताच पक्का! जाता जातासुद्धा खरं पान लपवून चाललाय. आपल्याला तण उपटायला लावतोय." बाकीचे हसले. खिडकी उघडी होती. वैद्याला ते हसणे ऐकू आले.

महिन्याभरात तो गेला.

पुढच्या पावसानंतर ताप आला. माणसे कड्यावर चढली. जांभळ्या देठांचे एकही झुडूप त्यांनी मागे ठेवले नाही. घरोघर तांबूस काढे उकळले, आणि एकही मूल उठून बसले नाही. तेव्हा तापलेली मुले खांद्यावर घेऊन बायका सुनेच्या दारी आल्या. "तू त्यांच्याजवळ राहिलीस, तू बघितलंस. तूच कुटून दे ग बाई."

सुनेने आतून कडी घातली.

बायका परत फिरल्या. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. पांदीत तण गुडघाभर वाढले होते. मुले सावरत, पाय ओढत, ते तुडवीत त्या आपापल्या घरी गेल्या.

तात्पर्य: खरे राखण्यासाठी जो जन्मभर खोटे दाखवतो, त्याच्या तोंडचे खरे शेवटी कोणाच्याच कामी येत नाही.