एका पानाची सूचना

“...पण डिलीट झालेली प्रिंट टेपवरून परत आणता येते का, बाई?”

निनाद देवस्थळीने हे अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत, कपाटाएवढ्या मशीनजवळ वाघोलेबाई टेपांवरची धूळ पुसत होत्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच मशीन सांभाळलं होतं. निनादला ते शिकवलंही त्यांनीच.

बाईंचा हात थांबला नाही.

“यावी म्हणून विचारतोस, की येऊ नये म्हणून?”

...



मंगळवारी दुपारी दोन वाजता प्रिंटरच्या रांगेत एका पानाची सूचना आली होती. चार नंबरच्या टाकीत विषारी वायू आहे, कोणी उतरू नये. ती छापून टाकीपाशी लावायची, अशी पद्धत. नेमका तेव्हाच निनादचा तीनशे पानांचा अहवाल निघत होता. साहेबांपुढे तो सलग, नीट जायला हवा होता. मध्ये दुसरा कागद नको, म्हणून त्याने सूचना थांबवून ठेवली.

तीन वाजता कामगार किसन उगले टाकीत उतरला. तो परत वर आला नाही.

चार वाजता निनादने सूचना डिलीट केली.

सूचना पाठवली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती छापलीच नाही, हे एकट्या निनादला. आज अकराला चौकशी. ‘सूचना न वाचता उतरला’ असं किसनच्या नावावर कायमचं लिहिलं जाणार होतं. त्याची बायको सकाळपासून बाहेर बाकावर बसून होती.

“मंगळवारची नक्कल मी साडेतीनला टेपवर घेतली होती,” बाई म्हणाल्या. “रांगेतल्या प्रिंटाही घेते मी टेपवर. तू हसायचास ना... बाई कागदांचं लोणचं घालतात म्हणून?”

“बाई... नाही सापडली, असं सांगता येईल ना?”

बाईंनी टेप घातली. मशीन बराच वेळ घरघरत राहिलं. मग पडद्यावर एक ओळ आली. साडेतीनला जशी होती तशीच सूचना परत आली होती. रांगेत, थांबवलेली, न छापलेली.

बाई खुर्चीवरून उठल्या. खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

“बस.”

“मी?... बाई, माझी नोकरी जाईल हो. तुम्हीच सोडा ना ती छापायला.”

बाई दाराकडे गेल्या आणि त्यांनी दार उघडलं. समोर बाक होता. बाकावरून किसनच्या बायकोने मान वर केली.

...

निनाद बसला. बोट दोनदा बटणापर्यंत जाऊन मागे आलं. तिसऱ्यांदा त्याने ते दाबलं.

प्रिंटर खडखडला आणि गप्प झाला. एक पान. दोन ओळी.

निनादने तो कागद प्रिंटरवरून फाडून हातात घेतला. काय करावं त्याला कळेना. त्याने बाईंकडे पाहिलं.

त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

“हे एक पान छापायला किती वेळ लागला रे?”