भिडेखातर घेतलेली वाटी

एका संस्थानात राजगायकाची जागा रिकामी झाली. त्या जागेसाठी ज्यांना पाचारण झाले, त्यांत शार्ङ्गधरबुवा नावाचे एका आडगावचे गवई होते. बारा वर्षांची साधना, निर्मळ आवाज. उणे एकच होते: कुणाला ‘नको’ म्हणताना त्यांची जीभ अडखळे.

निघताना थोरल्या बहिणीने, गोदाक्काने, बजावले, “गाण्याआधी मुगाचे कढण आणि कोमट पाणी, बस्स. दह्याला शिवू नकोस, शार्ङ्गा. तुझ्या गळ्याला ते बाधते.”

“अक्का, मी काय आता कुक्कुलं बाळ आहे?” बुवा हसले.

गाणे तिसऱ्या प्रहरी होते. दुपारी दिवाणांच्या घरी पंगत बसली. बुवांना दरबाराचे बोलावणे आले होते, ते दिवाणांच्याच शब्दावर. बुवांनी संकोचाने कढण मागितले, तशी पंगत खदखदून हसली.

“कढण? अहो बुवा, आमच्या घरात कुणी आजारी नाही!” असे म्हणत दिवाणांनी स्वहस्ते श्रीखंडाची वाटी पुढे केली. “आमचा मान म्हणून एवढी एक.”

नाही म्हणायचे तर आत्ताच, हे बुवांना कळत होते. पण ज्यांनी इथवर आणले, त्यांना कसे दुखवावे? एका वाटीने असे काय होणार? वाटी रिकामी झाली. लगोलग दुसरी आली. पहिली घेतल्यावर दुसरी नाकारायला कारणच उरले नव्हते. त्यावर वाळ्याचे गार पाणी झाले.

दरबारात षड्ज जेमतेम लागला. स्वर वर चढू लागला तसा घशात कफ दाटला. भरल्या पोटी श्वास पुरेना. तारसप्तकात आवाज फाटला. बुवांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. सभेत कुणीतरी हसले. ते हसू बुवांनी ओळखले. दुपारी पंगतीत शेजारच्याच पाटावरून ते ऐकू आले होते. राजाने हात वर करून गाणे थांबविले आणि ती जागा दुसऱ्या गवयाला दिली.

बुवांनी दिवाणांना देवडीवर गाठले. “सरकार, वाटी आपण दिलीत. महाराजांना एवढे सांगा. उद्या मी पुन्हा गाईन.”

“आग्रह करणे यजमानाचे काम, बुवा. गळा सांभाळणे तुमचे,” दिवाण शांतपणे म्हणाले. “आणि खरे सांगू? तुम्ही नको म्हणाला असता, तर हात धुवेपर्यंत आम्ही ते विसरूनही गेलो असतो.”

बुवा गावच्या वाटेला लागले. त्या दरबारातून त्यांना पुन्हा कधी बोलावणे आले नाही.

तात्पर्य: आपल्या कार्याला जे बाधक, ते मानाने पुढे आले तरी नाकारावे. भिडेने घेतलेला घास देणारा विसरून जातो; भोगावा लागतो तो घेणाऱ्याला.