पहिला घास

त्या दिवशी वैशाखाचं ऊन असं तापलं होतं, की तलावातला ओला गाळ पाटीत भरेस्तोवर वाळायचा. मावळतीकडं मात्र वळवाचे ढग धरू लागले होते. पावसाच्या आत गाळ निघाला नाही, तर पाणी साठणार कुठं? म्हणून दोन्ही वाड्या मिळून राबत होत्या. तसं राबणं आता कुठं राहिलंय...

"मग बाबा, खरं कुणाचं?" भालचंद्र विचारत होता.

हुसेनबाबा फकीर लिंबाखाली आमच्याच पंगतीत जेवायचे. भालचंद्र त्यांचा नवा चेला. पोरगा चांगला, पण शहाणपण जरा लवकर पिकलेलं.

भांडण घासावरून पेटलं होतं. पार्वताकाकूनं गाईसाठी पहिला घास काढून पानाशेजारी ठेवला, अन् दुसऱ्या वाडीच्या म्हाळू धनगराच्या कुत्र्यानं तो गट्ट केला.

"माझा नेम मोडला मेल्यानं!"

"मेला कोण काकू? मी का कुत्रं?"

"दोघं!"

"आमच्यात पहिला घास कुत्र्याचाच. मेंढरं तेच राखतंय. गाय राखती व्हय?"

झालं. काकूच्या वाडीची माणसं भरल्या पानावरनं उठली. खोरी खांद्यावर गेली. तलाव निम्मा तसाच.

"बाबा, एकच नियम करा," भालचंद्र म्हणाला. "गाय म्हणा, कुत्रा म्हणा, पण सगळ्यांचा घास एकालाच. भांडणाचं मूळच जाईल."

बाबा भाकरीचा तुकडा मोडत म्हाळूकडं वळले.

"म्हाळू, उद्यापासून कुत्र्याला घालू नकोस. आधी तू जेव."

म्हाळूनं हातातली भाकरी खाली ठेवली. "नगं बाबा... माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई."

निघालेली काकू थांबली. त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"मला तरी गाईचा काढल्याबिगर कुठं उतरतंय..."

मग ती परत येऊन पानावर बसली. "अन् मुक्या जिवाला कशाला उपाशी ठेवता? त्याला काय कळतंय?"

तिनं गाईचा घास पुन्हा काढला. ह्या खेपेला उंच दगडावर ठेवला. मागच्यांची खोरी एकेक करून खांद्यावरनं खाली आली.

भालचंद्र मात्र हिरमुसला. "पण बाबा, नियम तर ठरलाच नाही!"

बाबा त्याच्या शेजारीच बसलेले. त्यांनी भालचंद्राच्या पत्रावळीकडं पाहिलं. ती कधीच चाटूनपुसून लख्ख झाली होती.

"तू कुणासाठी काढला होतास रे?"