दोन तांब्यांची द्वारकाकाकी

सोमवार होता. दिवस कासराभर वर आला होता आणि कातळगावच्या देवराईत देवाला कौल लावायला सारा गाव जमला होता. गोष्ट फार वर्षांपूर्वीची, पण तो वार आणि ती वेळ गाव विसरलेला नाही. विसरायची हिंमतच नाही.

कौल लावायचा मान धोंडू गुरवाचा. देवाच्या पाषाणाला तो डावी-उजवीकडे ओल्या कळ्या चिकटवी आणि गावाचा प्रश्न विचारी. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी प्रश्न एकच होता: राई तोडू का? शहरातला लाकडाचा व्यापारी झाडांच्या बदल्यात देवळाला नवा सभामंडप बांधून देणार होता.

नको म्हणणारी एकटी द्वारकाकाकी. ती पाऊस मोजायची. एक तांब्या अंगणात, एक राईतल्या झाडाखाली, असे वीस वर्षं तिने ठेवले. ऐन चैत्रात, आभाळात ढग नसताना, अंगणातला तांब्या कोरडा आणि राईतल्या तांब्यात सकाळी दोन बोटं पाणी! दर बाजारच्या दिवशी दोन्ही तांबे घेऊन ती पारावर उभी राही. "हे आभाळाने दिलेलं नाही रे. झाडांनी धुक्यातून ओढून घेतलंय. हेच खाली झऱ्याला जातं. झाडं गेली की झरा जाईल."

"काय गो काकी, एक तांब्या पुरत नाही वाटतं परसाकडे जायला?" लोक विचारत आणि पोट धरधरून हसत. धोंडूही हसायचा.

पहिला कौल लागला. डावी कळी पडली. दुसरा, डावी. तिसरा, डावीच.

"देव अजून नीट जागा झालेला नाही," थोरले मानकरी म्हणाले. "पुन्हा लाव, धोंडू."

"तीनदा सांगितलंन त्याने," काकी ओरडली. "बहिरा कोण, देव की तुम्ही?"

मानकऱ्यांच्या घोळक्यातून पाण्याची नवी वाटी हातोहात पुढे आली. "डावीला हे लाव," कुणीतरी म्हणालं. धोंडूने बोटं बुडवली आणि त्याला कळलं. बोटाला बोट चिकटत होतं. पाण्यात गूळ होता. त्याने मान वर केली, सगळा गाव त्याच्याकडे बघत होता. त्याने डाव्या कळ्या त्याच पाण्याने लावल्या.

उजवी पडली. ढोल वाजले.

असं म्हणतात, ढोल थांबायच्या आत मुंग्यांची रांग पाषाणावर चढली, फक्त डाव्या बाजूने. सगळ्यांनी ती पाहिली. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, असं कुणी सांगू नये. माहीत होतं. सगळ्यांना होतं.

राई पडली. दोन उन्हाळ्यांत झरा आटला. धुकं येई, पण गावावरून तसंच पुढे निघून जाई. सभामंडप उभा राहिला, आणि त्याच्या पायऱ्या धुवायला पाणी नव्हतं.

मग एका सकाळी द्वारकाकाकी आपला तांब्या घेऊन कोरड्या झऱ्यापाशी जाऊन बसली. असं म्हणतात, सगळं धुकं एकवटून तिच्याभोवती उतरलं, आणि विरलं तेव्हा तिथे काकी नव्हती. तांब्या काठोकाठ भरलेला होता. तो उचलायला पहिला धोंडू गेला. पण हात लावायच्या आधी त्याने आपली बोटं मातीत घासली, कातडी सोलवटेपर्यंत घासली, आणि तांब्या न उचलताच परतला. त्यानंतर त्याने कधी कौल लावला नाही. गुळाचं मात्र मरताना सांगितलं. वाटी कुठून आली हे त्याने पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं होतं आणि सांगितलं नाही.

आजही चैत्रातल्या पहिल्या सोमवारी कातळगावात घरटी एक तांब्या त्या झऱ्यापाशी ठेवतात आणि एकेक रोप लावतात. त्या दिवशी गावात कुणी गूळ खात नाही. दिवस कासराभर वर आला की गुरव मोठ्याने विचारतो, "वाटीत गूळ कुणी घातला?"

मानकऱ्यांच्या घरची माणसं तिथेच असतात, गुरवांच्याही. सगळे खाली आपापल्या तांब्यात बघतात. इतक्या वर्षांत एकानेही उत्तर दिलेलं नाही.