चार खोल्यांचा सरडोबा

फार मागची गोष्ट. तेव्हा घर मोठं झालं, की उंदीर खोलीखोलीत गाण्यासाठी एकेक रातकिडा ठेवायचे. एका उंदरिणीच्या बिळात चार खोल्या, म्हणून रातकिडेही चार. हौस भागली खरी, पण तान्हं पिल्लू तापानं फणफणलं. त्याला झोप हवी, आणि एक रातकिडा थांबला की दुसरा सूर लावायचा.

चौघांना आवरील असा कुणीतरी शोधायला उंदरीण निघाली. कोंबडा म्हणाला, "मी एक बांग दिली, की सगळे गप्प."

"आणि लेकरू उठलं तर त्याला तू निजवशील का रे?" म्हणत ती पुढे गेली.

मग कुंपणावर सरडा भेटला. त्यानं नुसती मान हलवली, पण अशी भारदस्त, की उंदरिणीनं रोज वाटीभर मुंग्या कबूल करून त्यालाच दाराशी बसवला.

दिवेलागणीला सरड्यानं मान हलवली. आतल्या खोल्यांत ती कुणाला दिसणार? मग उंदरीणच सांगायला धावली. रातकिड्याची जात अशी, की पाऊल वाजलं की गप्प. तिनं तोंड उघडायच्या आतच खोली शांत व्हायची. पिल्लाचा डोळा लागेपर्यंत ती चारी खोल्यांत फेऱ्या घालत राहिली.

सकाळी शेजारची घूस म्हणाली, "काय गं, काल घर अगदी निवांत होतं तुझं?"

"सरडोबा ठेवलेत ना, मावशी. त्यांनी मान हलवली की चारी खोल्या चिडीचूप. मला फक्त घरभर फिरून सांगावं लागतं, एवढंच."

"एवढंच ना," घूस म्हणाली. "माझ्या तर आठ खोल्या. मला दोन सरडे लागतील."