पाचूचं पीस आणि अंजिरी शाल

एका राज्यात केवडा नावाची राजकन्या होती, आणि एका कावळ्याने तिला डिवचलं. "पाचूच्या शेपटीचं एक पीस उपटून दाखव. नाहीतर कबूल कर, भित्री आहेस." झालं. पोरगी इरेला पेटली.

पाचू म्हणजे राजवाड्यातला बोलका पोपट. राणीने एका जादूगाराला भर पंगतीतून उठवलं होतं, म्हणून त्याने शाप दिलेला: पायांपासून दगड होत जाशील, आणि डोंगरापलीकडचा पोपट आपणहून तुझ्या तळहातावर बसून दाणा खाईल तेव्हाच सुटशील. म्हणून राजाने पाचूला आणलं. नुकता कुठे तो मान वाकडी करून राणीच्या हाताकडे बघायला लागला होता.

पहारेकऱ्यांनी अडवू नये म्हणून केवडाने आईची अंजिरी शाल डोक्यावरून ओढली, नि डुलक्या घेणाऱ्या पाचूचं पीस खस्सकन उपटलं. कावळा हसला, उडून गेला. दचकून जाग्या झालेल्या पाचूला मात्र राणीची शाल तेवढी दिसली, नि त्याची वाचाच बसली.

राजाने तीन उपाय केले. आधी सगळ्यांनी पिंजऱ्याशी नुसतं गप्प बसायचं, त्याच्यावर डोळे रोखायचे नाहीत. मग भिजवलेली डाळ नि हिरवी मिरची गजांतून द्यायची. शेवटी दार उघडं ठेवून वाट बघायची. पाचू राजाच्या खांद्यावर बसला, दासींच्या हातचं खाल्लं. राणी दिसली की मात्र पंख आपटून आपटून रक्तबंबाळ. आणि राणी तर ती शाल सोडेचना. दगड झालेलं अंग फार गार पडायचं.

दगड कमरेवर चढला, छातीशी आला. राजाने बोलणं टाकलं. राणी म्हणायची, "माझ्याच हातात काही वाईट असेल गं, केवडे. पाखरू उगाच नाही भीत."

केवडाला खरं काय ते ठाऊक होतं. सांगितलं तर आई तोंड बघणार नाही, नाही सांगितलं तर आईच उरणार नाही. पोरगी पीस लपवूनच राहिली.

अखेर एकच तळहात मऊ उरला. राजाने त्यावर डाळ ठेवली खरी, पण बोटं पांढरी पडत चालली होती. तेव्हा केवडाने आईच्या खांद्यावरची शाल काढली, स्वतः पांघरली नि पिंजऱ्यासमोर उभी राहिली. पाचू किंचाळला. तिने शाल खाली टाकली, लपवलेलं पीस पुढे धरलं.

"नीट बघ. ती मी होते. आईसाहेब नव्हत्या."

पाचूने तिच्या बोटाचा कडकडून चावा घेतला. मग उडाला, राणीच्या तळहातावर बसला नि डाळ टिपू लागला. दगड तडकला, भिंतीच्या पोपड्यांसारखा गळून पडला. राजाच्या तोंडून शब्द फुटला, नगारा वाजला. "मिरची कुठाय?" पाचूने विचारलं.

राणीने लेकीचं रक्ताळलेलं बोट हातात घेतलं. "इतके दिवस का नाही बोललीस?"

केवडाने मान खाली घातली.

"भ्याले, आईसाहेब. कावळा खरं बोलला होता."