वाकडी फुलदाणी

अनसूयाक्का कलाशाळेत पोरांना चाकावर माती घडवायला शिकवायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दिवसभरात तिच्याशी बोलणारी होती ती वर्गातली पोरंच.

एकदा प्रदर्शनासाठी तिनं कमरेएवढी फुलदाणी घडवली. ती ओली असताना शाळेचे मोठे साहेब, नाडगौडा, एकटेच खोलीत येऊन गेले. पुढं फुलदाणी भट्टीतून निघाली, तर पोटाला चार पोचे! साहेब सगळ्या मास्तरांसमोर गरजले, "म्हातारीला आता जमत नाही. उद्यापासून येऊ नकोस."



अक्का म्हणाली, "जाते की. पण एवढी उचलू लागा साहेब, मला एकटीला झेपत नाही. हां, इथं धरा."

साहेबांनी तोऱ्यात हात लावला. चार बोटं चार पोच्यांत नेमकी बसली. अंगठी घातलेल्या बोटाचा पोचा तर सगळ्यात खोल.

"ओली माती दाबली आणि मग गुपचूप सरळ केली, तरी भट्टीत ती दाबल्या जागी परत वाकते," अक्का म्हणाली. "मी मातीला पुष्कळ शिकवलं साहेब, पण खोटं बोलायला नाही शिकवलं."

साहेबांनी हात मागं घेतला. "येत जा उद्यापासून," एवढंच पुटपुटून ते गेले. मास्तर हसत चहाला गेले, अक्काला कुणी हाक मारली नाही.

घरी आली, तर झालेलं सांगायला माणूस नाही. तेव्हा कुठं, इतक्या वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच, तिनं माझ्या दाराची कडी वाजवली.